कृष्णा लांब की गोदावरी? आणि आपल्या माशाची नदी नेमकी किती लांब?



गेल्या मीटिंगला दोन वाद झाले. पहिला चहाबरोबरचा, हसतखेळत झाला. दुसरा मात्र चांगलाच तापला, दोन घरांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. नंतर विचार करताना लक्षात आलं की दोन्ही वादांचं मूळ एकच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. जरा लांब झालंय. जाळी दुरुस्त करत बसाल तेव्हा घरातल्या शाळेच्या पोराला मोठ्यानं वाचायला सांगा.

पहिला वाद असा. एका सभासदाची नववीतली मुलगी वडिलांसोबत आली होती. तिनं विचारलं, "काका, कृष्णा लांब की गोदावरी?" वडील लगेच म्हणाले, "कृष्णाच. आपल्या दारातनं जाते की ती." एक मामा म्हणाले, "अगं, पंढरपूरला जाऊन भीमा बघ, मग बोल." तिसऱ्यानं मोबाईल काढला. एका ठिकाणी एक आकडा, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. पोरगी म्हणाली, "मग खरं कुठलं?"

दुसरा वाद हद्दीचा. आपल्या दोन कुटुंबांना नदीचा पट्टा वाटून देताना "पुलापासून वरच्या अंगाला दोन किलोमीटर" एवढंच तोंडी ठरलं होतं. एकानं काठाच्या रस्त्यानं मोटरसायकल चालवून मीटरवर दोन किलोमीटर मोजलं. दुसऱ्यानं होडीतनं जाऊन मोबाईलवर दोन किलोमीटर मोजलं. दोघांची हद्द वेगवेगळ्या जागी आली, आणि नेमका मधे राहिला तो वळणावरचा डोह. उन्हाळ्यात मासा कुठं थांबतो ते तुम्हाला सांगायला नको. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांनी मापलं ते वेगवेगळं होतं, एवढंच.

म्हणजे नववीच्या पोरीचा प्रश्न आणि डोहाचा प्रश्न एकच: नदीची लांबी मोजायची कशी आणि तिचा उपयोग काय?

आधी मोठ्या नद्यांचे आकडे

सरकारी पुस्तकांत आणि शाळेत साधारण हे आकडे चालतात. उगमापासून समुद्रापर्यंत किंवा दुसऱ्या नदीला मिळेपर्यंतची ही लांबी आहे.

• गंगा – २५२५ किमी
• गोदावरी – १४६५ किमी
• कृष्णा – १४०० किमी
• नर्मदा – १३१२ किमी
• भीमा – ८६१ किमी (कृष्णेला मिळेपर्यंत)
• महानदी – ८५१ किमी
• कावेरी – सुमारे ८०० किमी
• तापी – ७२४ किमी
• तुंगभद्रा – ५३१ किमी (कृष्णेला मिळेपर्यंत)

म्हणजे पोरीच्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर गोदावरी. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. दक्षिण भारतातली ती सगळ्यात लांब नदी. पण कृष्णा तिच्यामागं फक्त ६५ किलोमीटर आहे. निपाणीहून बेळगावला गाडीनं जायला यापेक्षा थोडं जास्तच अंतर पडतं. दीड हजार किलोमीटरच्या शर्यतीत एवढासा फरक.

कृष्णेची विभागणी पण बघून ठेवा. महाराष्ट्रात ३०५ किमी, कर्नाटकात ४८३ किमी, आणि उरलेली ६१२ किमी तेलंगणा-आंध्रात. बेरीज केली की १४०० होते. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहेत.

आपल्या दारातल्या नद्या

यमगर्णीजवळ हायवेवरनं जाताना लागते ती वेदगंगा. पाटगावच्या धरणाकडनं येते, गारगोटी, मुरगूड करत आपल्याकडं उतरते. कोगनोळीच्या पुढं कागलकडं जाताना लागते ती दूधगंगा. ती काळम्मावाडीच्या धरणातनं येते. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर हे बंधारे-पूल वेदगंगेवरचे. पावसाळ्यात पहिल्यांदा पाण्याखाली जातात ते हेच. पुढं वेदगंगा दूधगंगेला मिळते, आणि सदलगा ओलांडून दूधगंगा चिक्कोडी तालुक्यात कृष्णेला मिळते.

कृष्णा आपल्याकडं येते तेव्हा ती एकटी नसते. कराडला कोयना मिळालेली असते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पंचगंगा प्रयाग चिखलीपासून वाडीपर्यंत फक्त ८० किलोमीटरच्या आसपास. पण तिच्या पाण्यावर कोल्हापूर, इचलकरंजी आणि अख्खा शिरोळ तालुका अवलंबून आहे.

जरा दक्षिणेला हिरण्यकेशी. आंबोलीला उगम, मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, आणि हुक्केरी तालुक्यात घटप्रभेला मिळते. घटप्रभा २८३ किमी. तिच्यावर हिडकलचं धरण आणि खाली गोकाकचा धबधबा. बेळगावला राकसकोपचं पाणी मिळतं ती मार्कंडेय. तीपण घटप्रभेचीच लेक. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा ३०४ किमी, आणि कूडलसंगमला कृष्णेत विसर्जित होते.

आता एक गंमत. आंबोलीवरनं अरबी समुद्र अगदी जवळ. निपाणीवरनं सरळ रेषेत मोजला तरी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमापासनं तर समुद्र सरळ रेषेत ६४ किलोमीटरच. तरी हे सगळं पाणी पाठ फिरवून पूर्वेला जातं आणि हजार किलोमीटरच्या वर चालून बंगालच्या उपसागरात पडतं. कारण सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला आणि पठाराचा उतार पूर्वेला. त्याच महाबळेश्वरावरनं निघणारी सावित्री पश्चिमेला उडी मारते आणि बाणकोटच्या खाडीतनं लगेच समुद्र गाठते. आपल्या खानापूरच्या जंगलात मलप्रभा आणि म्हादई शेजारीशेजारी जन्मतात. एक कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. दुसरी भीमगडच्या रानातनं खाली उतरून पणजीला समुद्रात जाते आणि तिकडं तिला मांडवी म्हणतात. आंबोलीच्या धारेवर एका बाजूला पडलेला थेंब दोन दिवसांत समुद्रात असतो, दुसऱ्या बाजूचा थेंब सात-आठ धरणांत मुक्काम करत जातो.

मग आकडे वेगवेगळे का सापडतात?

म्हादईचंच बघा. कुठं ७७ किमी लिहिलेलं सापडतं, कुठं ८१, कुठं १११. एवढीशी नदी आणि एवढा फरक! कुणी मुद्दाम चुकवलेलं नाही. नदी मोजताना तीन ठिकाणी माणसाला निवड करावी लागते.

एक, सुरुवात कुठनं धरायची. डोंगरात एक झरा नसतो, पन्नास असतात. देवळातल्या गोमुखापासनं मोजायचं, की सगळ्यात लांबच्या ओहळापासनं? कन्नडमध्ये मोठ्या प्रवाहाला होळे म्हणतात आणि ओढ्याला हळ्ळ. आता हळ्ळाची होळे कुठल्या दगडापासनं झाली, हे कोण सांगणार?

दोन, वळणं कशी मोजायची. हे नीट समजून घ्या, कारण डोहाचा वाद इथंच आहे. शंभर फुटी काठी घेऊन काठानं मोजत गेलात तर लहान वळणं काठीखाली कापली जातात आणि लांबी कमी भरते. तीच वळणं दहा फुटी दोरीनं मोजलीत तर लांबी वाढते. नकाशाचं तसंच. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात नदी जवळजवळ सरळ दिसते. सर्वे ऑफ इंडियाच्या ज्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर, त्यावर दोरा ठेवून मोजलं तर तीच नदी लांब भरते. मोटरसायकलवाल्यानं रस्ता मोजला, आणि रस्ता वळण कापून जातो. होडीवाल्यानं पाणी मोजलं. रस्त्याच्या दोन किलोमीटरमधे नदीचं तीन किलोमीटर पाणी बसू शकतं.

तीन, शेवट कुठं. समुद्राजवळ खाडी असते, नदीचे फाटे होतात. कुठल्या फाट्यानं जायचं, आणि खारं पाणी लागल्यावर नदी संपली म्हणायचं की उघडा समुद्र दिसल्यावर?

जगातल्या सगळ्यात लांब नदीचा वादपण असाच आहे. नाईल ६६५० किमी आणि अॅमेझॉन ६४०० किमी असं आपण शिकलो. पण २००७ साली ब्राझीलच्या संशोधकांनी वेगळा उगम धरून अॅमेझॉन ६८०० किमी असल्याचं सांगितलं. म्हणजे आपल्या मीटिंगमधला वाद आंतरराष्ट्रीय आहे, लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

भीमावाल्या मामांचं खरं निघालं

मामा भीमेचं बोलले तेव्हा सगळे हसले. पण कागदावर हिशेब मांडला आणि मीच गप्प झालो.

भीमा भीमाशंकरला उगम पावते, पंढरपूर, सोलापूर जिल्हा, कलबुर्गी, यादगीर करत रायचूर जिल्ह्यात, कर्नाटक सोडायच्या वेळेला कृष्णेला मिळते. तिथंपर्यंत ती ८६१ किमी चालून आलेली असते. कृष्णा तिथंपर्यंत किती चालली? महाराष्ट्रातली ३०५ आणि कर्नाटकातली ४८३, म्हणजे फार तर ७८८. याचा अर्थ संगमावर पोचलेल्या दोघींमधे भीमा सत्तर किलोमीटरच्या वर लांब आहे. आणि पुढच्या नदीला नाव मात्र कृष्णेचं.

आता भीमेच्या उगमापासनं समुद्रापर्यंत मोजा: ८६१ अधिक ६१२, म्हणजे १४७३. गोदावरी १४६५. म्हणजे ढोबळ हिशेबानं, सगळ्यात लांबची फांदी धरली तर ही नदी गोदावरीच्या बरोबरीला येते, थोडी पुढंच जाते! नियम असा आहे की जिचं नाव पुढं चालतं तिच्या उगमापासनं मोजायचं, म्हणून कृष्णा १४००. नियम वेगळा असता तर परीक्षेतलं उत्तर वेगळं आलं असतं.

अमेरिकेतपण हेच झालंय. मिसिसिपीला मिसुरी मिळते तेव्हा मिसुरी कितीतरी जास्त लांबनं आलेली असते, पण पुढं नाव मिसिसिपीचं. तुंगभद्रेचंपण बघा. तुंगा १४७ किमी आणि भद्रा १७८ किमी एकत्र आल्यावर पुढं ५३१ किमी. नुसती तुंगभद्रा म्हटली तर ५३१, भद्रेच्या उगमापासनं धरली तर ७०९.

म्हणून पोरांनो, परीक्षेत गोदावरी लिहा, मार्क मिळतील. पण का लिहिलं ते समजून लिहा.

लांब नदी म्हणजे जास्त पाणी नव्हे

आपल्या डोक्यात लांब म्हणजे मोठी, आणि मोठी म्हणजे जास्त पाण्याची असं बसलेलं असतं. ते खरं नाही. नर्मदा १३१२ किमी, महानदी ८५१. नर्मदा साडेचारशे किलोमीटर जास्त लांब. पण केंद्रीय जल आयोगाचे जुने अंदाज बघितले तर वर्षाला महानदीत सरासरी २३६० टीएमसीच्या आसपास पाणी येतं आणि नर्मदेत १६१० च्या आसपास. कारण नर्मदा दोन डोंगररांगांच्या मधल्या अरुंद खोऱ्यातनं जाते, आणि महानदीला पाणी आणून देणारा मुलूख मोठा आहे. नर्मदेचं खोरं सुमारे ९९ हजार चौरस किमी, महानदीचं सुमारे १ लाख ४२ हजार. गोदावरीचं ३ लाख १३ हजार, कृष्णेचं २ लाख ५९ हजार.

म्हणजे नदीची ताकद तिच्या लांबीवर ठरत नाही. तिला किती रान पाणी आणून देतं आणि त्या रानात पाऊस किती पडतो, यावर ठरते. आपली वेदगंगा, दूधगंगा लांबीत कुणाच्या खिजगणतीत नाहीत. पण दोघींचं डोकं सह्याद्रीच्या मोठ्या पावसात आहे. म्हणून उन्हाळ्यात गुडघाभर दिसणारी नदी जुलैमधे रस्त्यावर येते. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलाय.

राज्यांच्या पाणीवाटपातपण किलोमीटर मोजून हिस्सा दिलेला नाही. बच्छावत लवादानं कृष्णेचं २०६० टीएमसी पाणी वाटलं तेव्हा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिलं. ज्याच्या दारातनं नदी जास्त लांब जाते त्याला त्याच प्रमाणात पाणी, असा हिशेब नव्हता. लोकांची गरज, आधीचा वापर, खोऱ्याचा भाग, सगळं बघावं लागतं. आपल्या सोसायटीनं पट्टे वाटताना नुसते किलोमीटर वाटले, तिथंच आपलं चुकलं. दोन किलोमीटर उथळ खडकाळ पाणी आणि दोन किलोमीटर डोहाचं पाणी सारखं कसं होईल?

माणसाची नदी १४०० किलोमीटर, माशाची किती?

आता आपल्या धंद्याचं बोलूया.

नकाशात कृष्णा १४०० किमी अखंड निळी रेघ आहे. पाण्यातल्या माशाला ती अखंड नाही. आपल्याकडनं खाली निघालेल्या माशाच्या वाटेत हिप्परगी, आलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, एवढे अडथळे आहेत. खालनं वर येणाऱ्याला तर प्रत्येक भिंत डोंगरासारखी. सापासारखा लांब अहीर मासा समुद्रात जन्मतो आणि वाढायला नदीत वर येतो. जुनी माणसं अशा माशाच्या गोष्टी सांगतात, आणि आपण म्हणतो की म्हातारं फेकतंय. फेकत नाही. त्यांच्या वेळेला वाट जास्त मोकळी होती.

काही अडथळे देवानंच घातलेत. गोकाकचा धबधबा १७० फुटांच्या आसपास आहे. कृष्णेतला मासा पोहत घटप्रभेत शिरला तरी गोकाकच्या वर कधीच चढू शकला नसणार. पण बाकीचे अडथळे माणसानं घातलेत. पाणी अडवलं म्हणून ऊस आला, घरात नळ आला, ते आपण नाकारत नाही. फक्त माशाच्या बाजूनंपण हिशेब मांडला पाहिजे.

आपल्या नद्यांवर बहुतेक बंधारे कोल्हापूर पद्धतीचे. यांचं एक बरं आहे. पावसाळा संपला की बरगे घालतात आणि पाणी अडतं. पावसाच्या तोंडाला बरगे काढतात आणि नदी मोकळी होते. म्हणजे आपल्या माशाची नदी वर्षातनं दोनदा लांबी बदलते. थंडी-उन्हाळ्यात ती बंधाऱ्यापासनं बंधाऱ्यापर्यंत, काही किलोमीटरचा लांबट तलावच म्हणा. पावसाळ्यात ती खालच्या मोठ्या नदीपर्यंत मोकळी.

याचे दोन परिणाम आपल्याला रोज भोगायला लागतात.

पहिला उन्हाळ्यातला. तुकड्यात अडकलेल्या पाण्यात घाण आली किंवा पाण्यातली हवा कमी झाली की माशाला पळायला जागा नसते. पंचगंगेत मासे तरंगल्याच्या बातम्या बहुतेक उन्हाळ्यातच का येतात, त्याचं एक कारण हे. वाहत्या लांब नदीत मासा खालीवर सरकून जीव वाचवतो. चार किलोमीटरच्या तुकड्यात कुठं जाणार?

दुसरा जूनमधला, आणि इथं चूक आपली आहे. पहिलं गढूळ पाणी आलं की अंडी भरलेला मासा वर चढायला बघतो. सहा-सात महिने अडकून होता, आता वाट उघडलेली असते. आणि नेमकं त्याच वेळेला आपण बंधाऱ्याच्या तोंडाला आडवी जाळी लावून बसतो. एका रात्रीत टोपल्या भरतात, बाजारात भाव पडतो, आणि पोटातल्या अंड्यासकट पुढच्या दोन वर्षांचा मासा आपण विकून मोकळे होतो. मीपण हे केलंय. पोरवयात वडिलांबरोबर. तेव्हा कळत नव्हतं. आता कळतंय, तर बोललं पाहिजे.

कटला, रोहू, मृगळ आपण मत्स्यबीज आणून सोडतो, त्यांचं बीज विकत तरी मिळतं. पण मरळ, वाम, शिंगाडा यांचं बीज आपल्यासाठी नदीच तयार करते. ज्या वर्षी वाट अडवली, त्याच्या पुढं जाळ्यात नुसती चिलापी येते. मग आपणच म्हणतो, नदीत आता राम राहिला नाही.

लांबीवरनं पुराचा अंदाज

अजून एक उपयोग. धरणातनं पाणी सोडल्याचा मेसेज ग्रुपवर येतो तेव्हा प्रत्येकजण विचारतो, "आपल्याकडं कधी पोचणार?" साधा हिशेब आहे. नदीच्या वाटेनं अंतर भागिले पाण्याचा वेग. समजा नदीच्या वाटेनं साठ किलोमीटर अंतर आहे आणि पाणी तासाला पाच किलोमीटर चाललंय, तर बारा तास. तासाला दहानं आलं तर सहाच तास.

यात दोन खड्डे आहेत. रस्त्याचं अंतर धरून हिशेब करू नका, नदीचं धरा. आणि नदी आधीच भरलेली असेल तर नवीन पाण्याचा लोंढा भराभर पुढं सरकतो. शिवाय धरणाच्या खालच्या रानातला पाऊस धरणाला न विचारता नदीत येतो. आपल्यातल्या एका घरानं "उद्या दुपारी येईल" म्हणून जाळी नदीतच ठेवली होती, पाणी पहाटे आलं. जाळी गेली, होडी कशीबशी वाचली. म्हणून हिशेब येईल त्याच्या निम्म्या वेळात जाळी, होडी आणि काठावरची जनावरं वर आणायची. मेसेज संध्याकाळी आला तर रात्र होण्याआधीच काम उरकायचं. आणि सरकारी इशारा आला की आपला हिशेब बाजूला ठेवायचा.

आता आपण काय ठरवायचं

कमिटीत बोलणं झालंय. पुढच्या मीटिंगला हे विषय ठेवतोय, सगळ्यांनी यावं. घरातल्या बायकांनीपण यावं, कारण बाजारात मासा विकायला त्याच बसतात आणि कुठल्या महिन्यात काय येतं ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

१. हद्द किलोमीटरवर ठेवायची नाही. पूल, बंधारा, ओढ्याचं तोंड, देवळाचा घाट, ठरलेलं झाड अशा खुणांवर लिहून काढायची, दोन्ही घरांच्या सह्या घ्यायच्या. खुणेची जागा मोबाईलवर पण साठवून ठेवायची, झाड पुरात गेलं तरी जागा जाणार नाही.

२. अंतर लिहायचंच झालं तर ते पाण्याच्या मधल्या धारेनं, होडीतनं मोजलेलं. रस्त्याचं नाही.

३. त्या वळणावरचा डोह दोन्ही घरांनी सध्या आळीपाळीनं धरायचा, एक आठवडा एकानं, एक आठवडा दुसऱ्यानं. दोघांनीही हे मान्य केलंय, त्यांचे आभार. मोठ्या मनाची माणसं आहेत.

४. बरगे काढल्यापासनं नदी गढूळ असेपर्यंत बंधाऱ्याच्या तोंडाला आडवी जाळी लावायची नाही. बंदीचा काळ मत्स्य खातं सांगतं तो पाळायचाच, पण बंधाऱ्याच्या तोंडाचा नियम आपण आपल्यासाठी करायचा. एकानं लावलं तर दुसरा म्हणणार, मग मी का नको? म्हणून सगळ्यांनी एकदम ठरवलं तरच चालेल.

५. खालच्या आणि वरच्या गावांतल्या सोसायट्यांशी बोलायचं. मासा आपली हद्द बघत नाही, राज्याची हद्द तर अजिबात नाही. काळम्मावाडी, पाटगाव महाराष्ट्रात, बंधारे थोडे इकडं थोडे तिकडं. माणसांचा सीमावाद चालू दे, पाण्यातल्याला एकच नदी आहे.

पोरांसाठी सुट्टीचा अभ्यास

शाळेच्या भूगोलाच्या नकाशावर ओला दोरा ठेवा, वळणावळणानं वेदगंगा मोजा. मग दोरा सरळ करून पट्टीवर धरा आणि नकाशाच्या प्रमाणानं गुणा. नंतर तीच नदी मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर मोजा. दोन्ही उत्तरं वेगळी येतील. का आली ते ऑफिसला येऊन सांगा. जो बरोबर सांगेल त्याला सोसायटीकडनं वही-पेन आणि माझ्याकडनं चहा-भजी.

त्या नववीच्या पोरीला मी उत्तर दिलं: "बाळ, पुस्तकात गोदावरी लांब. भीमेकडनं मोजली तर आपली. पण आपल्या घरात चूल पेटते ती वेदगंगेच्या चार किलोमीटरवर. ती चार नीट सांभाळली तर १४०० चा उपयोग."

ती म्हणाली, "हे परीक्षेत लिहू?"

म्हटलं, नको. परीक्षेत १४६५ लिही.

लेखात कुणाला काही चुकीचं वाटलं तर सरळ सांगा, दुरुस्त करू. पटलं तर आपल्या भागातल्या ग्रुपवर पाठवा. पावसाळा जवळ आलाय, मीटिंगला न चुकता या.

आपला,
सेक्रेटरी